पवनचक्कीच्या शेपटाला हार

आमच्या मखमलाबादच्या मळ्यात सुनेने, निकिताने, छोटी पवनचक्की बसवली, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. साधा वारा असला की ती इमानेइतबारे फिरते. वारा जोराचा सुटला, आता खरी वीज मिळणार म्हणून मी वर बघतो, तर ही बया मागचं पत्र्याचं शेपूट दुमडून वाऱ्याकडून तोंड फिरवते. कामचुकार कुठली. निकिताही तशीच. माझा आवाज चढला की ती पाठ फिरवून पॉलीहाऊसमध्ये निघून जाते. तिथल्या रोपांसाठीचे पंखे नि पंप याच चक्कीवर चालतात. चक्की मोडली तर निकिताचा सगळा उद्योग बसला.

"आबा, वारा ताशी चाळीस किलोमीटरच्या वर गेला की तिने तोंड फिरवायलाच पाहिजे. वारा उतरला की वळते ना परत," असं तिने मला दोनदा सांगितलं. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. वारा जास्त आणि काम कमी, हा कुठला न्याय?

मग मनात आलं, घरातल्या सगळ्या अवजारांची आपण पूजा करतो, हिची कधी केलीच नाही. खंडेनवमीला महेशने, माझ्या मुलाने, वंगण घालायला चक्कीचा बिजागरीवरचा खांब आडवा केला होता. मी हळदकुंकू वाहिलं आणि आमच्याच झेंडूचा जाडजूड हार शेपटाच्या सांध्याला गुंडाळला. उडून जाऊ नये म्हणून वरून सुतळीचे सात वेढे. महेशने हात जोडले आणि खांब उभा केला.

दसऱ्याला महेश नि निकिता फुलं विकायला पंचवटीत गेले. दुपारी आभाळ भरून आलं, वारा सुटला, आणि चक्कीने तोंड फिरवलं नाही.

"बघ, पावली," मी बायकोला, गोजराबाईला म्हणालो.

थोड्याच वेळात चक्की किंचाळायला लागली. खांब थरथरत होता, आणि शेजारीच पॉलीहाऊस. मला काही सुचेना. निकिताला फोन लावला.

"भिंतीवरचा लाल खटका चालू करा, आबा. तो ब्रेक आहे."

"बंद करायला चालू करायचं?"

"हो. पण आत्ता नको, आतली कॉइल जळेल. वारा जरा पडला की लगेच."

मी खटक्यावर बोट ठेवून उभा. वारा कधी पडतो ते कळायला गोजराबाई दारातून झेंडूचे हलणारे शेंडे बघत होती.

"नाय, थांबा," ती म्हणाली. "आजून नाय. हां, करा."

मी खटका दाबला आणि पाती मंदावली. मगच मी खटक्यावरचं बोट काढलं.

संध्याकाळी दोघांनी परत येऊन खांब आडवा केला तेव्हा निकिताला सुतळी दिसली.

"हे कुणी बांधलं?"

"म्या. पूजा केली. लय वाऱ्यात बी काम करंल, वाटलं."

"आबा, तोंड फिरवते म्हणून मोडत नाही ती." तिने विळ्याने वेढे कापले. शेपूट सैल हललं.

"मंग मला नीट सांगायला काय झालं व्हतं?" माझा आवाज चढला. निकिता उठली आणि नेहमीसारखी पाठ फिरवून चालू लागली.

मी त्या पाठीकडे बघत राहिलो. ती घरात आल्यापासून तीन वर्षं मी या पाठ फिरवण्याला माज म्हणत आलो, आणि चाळीसच्या वरचा वारा तर माझाच होता. मला माझीच लाज वाटली. तोंडातलं पुढचं वाक्य मी गिळलं.

"निकिता," मी हळू म्हणालो, "उंद्या दुसरा हार करतो. खांबाच्या बुडाला बांधला तर चालंल का?"

ती थांबली, आणि माझ्याकडे वळली.

"चालेल, आबा."