मला की मले

माझी भाची हर्षा अकरावीत गेली अन् मुकीच झाली. कॉलेजात जाणं बंद. ‘घरूनच अभ्यास करते, माझं नाव काढून टाका,’ एवढंच घरच्यांना बोलली म्हणे. माझ्या भावाचा, रुपरावचा फोन आला, तशी मी कळमेश्वरहून निघून शहरात, सक्करदऱ्याले त्याच्या घरी पोचली. मले दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची खोड आहेच, अन् इथं तर कोडंच होतं. माझ्या गावी आली की ही पोरगी बकऱ्यांशीसुद्धा गप्पा मारायची. मग तिले झालं काय?

रुपराव म्हणाला, मोबाइल. वहिनी म्हणाली, स्वभावच लाजरा. मले दोन्ही पटलं नाही.

जेवताना हर्षानं तोंड उघडलं. ‘आत्या, मले भाजी...’

‘मला,’ वहिनी म्हणाली.

पोरीनं हात लांब करून स्वतःच वाढून घेतली. जरा वेळानं म्हणाली, ‘बाबा, तुम्ही काहून...’

‘काहून नाही, का,’ रुपराव म्हणाला. ‘लोक हसतील ना बेटा.’

तिले काय विचारायचं होतं, ते कोणी विचारलंच नाही. माझं डोकं असं तापलं, पण घास गिळला.

दुपारी तिले तलावाकडे फिरायला नेलं. ‘काय विचारून राहिली होती वं बाबाले?’

‘ते काहून उदास दिसून राहिले, ते.’

‘अन् कॉलेजात काहून नाही जात? पोरी हसतात?’

‘कोणीच हसलं नाही, आत्या. हसतील असं घरीच सांगतात. मी मनात वाक्य जुळवते. मला की मले, ते तपासते. तोवर पोरी दुसऱ्याच गोष्टीवर पोचतात. रोज एकटीच डबा खायची, शेवटी जाणंच सोडलं.’

मले रडूच आलं.

घरी येऊन मी रुपरावले समोर बसवलं. ‘ती काही विचारते, मधात बोलायचं नाही,’ म्हटलं. ‘विचार वं.’

‘बाबा, तुम्ही काहून उदास दिसून राहिले?’

रुपरावनं पोरीले जवळ बसवलं. मग म्हणाला, ‘तू बोलून नाही राहिली म्हणून.’

‘मी तर बोलूनच राहिली होती, बाबा.’

वहिनीनं तोंड उघडलं. मी डोळे वटारले.

‘उद्या कॉलेजले डबा देऊ काय वं?’ एवढंच वहिनीनं विचारलं.

हर्षानं जरा विचार केला. ‘दे. मले वांग्याची भाजी पाहिजे. जास्त दे, पोरींनाही विचारून पाहते.’

सारं वाक्य संपेपर्यंत कोणी मधात बोललं नाही.