न वाचता दिलेली दाद

शिकलेल्या बाईच्या हाताला काम नसलं की तिची घरातल्या घरात कशी घुसमट होते, हे पुष्कळांना सांगायला नको. झाशीच्या रेल्वे कॉलनीत राहणारी मृदुला त्यांतलीच एक. भुसावळची मुलगी, मराठी घेऊन एम. ए. झालेली. नवरा मिलिंद रेल्वेच्या कारखान्यात तंत्रज्ञ. त्याच्या बदलीबरोबर ती झाशीला आली आणि तिचं मराठी एकाएकी बिनकामाचं झालं. शाळेत हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी, शेजारणींशी हिंदी. लेक रेवासुद्धा आईच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची, "मम्मा, मराठी समझ में आती है, पर बोलना नहीं आता!"

दोघं कामावर आणि शाळेत गेली की मृदुला मोबाइलवर शोधायची, 'घरबसल्या लेखनाचं काम'. आधी भेटले ते नोंदणीचे पैसे मागणारे भामटे. त्यांना तिने दारातूनच वाटेला लावलं. मग एके दिवशी इंदूरच्या एका एजन्सीतून सुजित नावाच्या माणसाचा फोन आला. "मॅडम, मराठी लेखक हवेत. रोजचं काम आहे." मृदुलाला आकाश ठेंगणं झालं.

पण काम कसलं, तर लोकांच्या ब्लॉगवर प्रतिक्रिया टाकायच्या. 'खूप छान माहिती' असं दोन ओळींत लिहायचं आणि खाली एका वेबसाइटचा पत्ता चिकटवायचा. असे पत्ते जागोजाग चिकटवले की ती वेबसाइट इंटरनेटच्या शोधात वर येते, असं सुजितचं म्हणणं. ही वेबसाइट होती मधुमेहावरच्या कुठल्याशा चूर्णाची. 'मधुमेह' हा शब्द असलेलं मराठी पान शोधायचं, चिकटवायचं, की पुढचं पान.

"आपल्या असली नावाने टाका हं," सुजितने बजावलं होतं. "नकली वाटायला नको."

"आणि वाचायचं कधी?" मृदुलाने विचारलं होतं.

"वाचायला कुणाला वेळ आहे, मॅडम!"

मिलिंदने एकदा तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "हे लेखन आहे?"

"सुरुवात आहे," ती फणकारली. "सगळ्यांना सुरुवातीला असंच काहीतरी करावं लागतं." तिलाही आतून ते पटत नव्हतं, पण कुणीतरी आपल्याला 'लेखक' म्हणतंय, या सुखाने ती डोळ्यांवर कातडं ओढून बसली होती.

एक दिवस मोबाइलची मेमरी भरली म्हणून ती जुन्या मेल पुसत होती. त्यांत एका ब्लॉगवरून आलेलं उत्तर सापडलं. आठवडाभर न उघडता पडून होतं. पुसता पुसता तिने सहज उघडलं.

'मृदुलाताई, सादर नमस्कार. माझ्या ब्लॉगवर आलेली ही पहिलीच प्रतिक्रिया. कुणीतरी वाचतं आहे, हे पाहून डोळे भरून आले. आपल्याही घरी हाच आजार असावा, त्याशिवाय औषधाचा पत्ता इतक्या आवर्जून कोण देईल? आपण सुचवलेलं चूर्ण मी लगोलग मागवलं आहे. मलाही साखर आहे. मात्र तिथे लिहिलंय की चूर्ण सुरू करताच डॉक्टरांच्या गोळ्या बंद कराव्या. आपण तसं केलंत का? कृपया कळवावे. आपला, शरदचंद्र बिवलकर, निवृत्त रेल्वे गार्ड, सिव्हिल लाइन्स, झाशी.'

गोळ्या बंद! आणि हा माणूस याच गावातला!

तिने तो लेख उघडला. आपण दाद दिलेला लेख ती पहिल्यांदाच वाचत होती. बिवलकरांनी आपल्या पत्नीवर, यमुनाबाईंवर लिहिलं होतं. साखरेकडे दुर्लक्ष झालं, पायाच्या एका लहानशा जखमेचं निमित्त झालं, पाय गेला आणि मग त्याही गेल्या. 'ती शेवटपर्यंत म्हणायची, माझ्या चपला दारातून काढू नका,' हे त्यातलं शेवटचं वाक्य. आणि त्याच्याखाली तिचीच ओळ, तिच्या नावानिशी: 'खूप छान माहिती! असेच लिहीत राहा.' खाली चूर्णाचा पत्ता.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

ब्लॉगवर फोन नंबर होता. तिने लावला. घंटा वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. कुणीच उचलेना. रेवाला शाळेतून आल्यावर तुमच्याकडे बसवून घ्या, असं शेजारच्या भाभींना सांगून ती तशीच निघाली. ई-रिक्षात बसल्यावर तिच्या डोळ्यांपुढे नको नको ते यायला लागलं. म्हातारा एकटा असेल. गोळ्या सोडून आठवडा झाला असेल. फोन का उचलत नाही? "भैया, थोड़ा जल्दी चलिए," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

सिव्हिल लाइन्समध्ये विचारत विचारत तिने घर गाठलं. बेल वाजवली. उत्तर नाही. दार ठोठावलं. आत शुकशुकाट. ती "काका! बिवलकर काका!" अशी ओरडणार, इतक्यात घराच्या मागच्या बाजूने एक उंच, सडसडीत म्हातारे गृहस्थ आले. बाह्या वर सारलेल्या, हात कोपरापर्यंत ओले.

"कौन? अरे, माफ कीजिए, कूलर धो रहा था. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही."

"काका, मी मृदुला. तुमच्या ब्लॉगवर..." तिला धाप लागली होती. "ते चूर्ण! तुम्ही घेतलं का?"

"मृदुलाताई? तुम्ही? इथे झाशीत?" त्यांचा चेहरा फुलला. "या, या, आत या! चूर्ण ना? आलंय की. फळीवर ठेवलंय."

"घेतलंत का पण?"

"नाही बुवा. तुमचं उत्तर कुठे आलं? उभी हयात गार्डाच्या डब्यात गेली आमची. सिग्नल मिळाल्याबिगर गाडी हलवायची नाही, ही सवय. गोळ्या चालू आहेत. सकाळचीच घेतली."

मृदुला पायरीवरच मटकन बसली. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं तिला. ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना. काकांनी घाईघाईने पाण्याचा गडवा आणला.

पाणी पिऊन तिने सगळं सांगून टाकलं. एजन्सी, चिकटवलेले पत्ते, सुजित. चूर्ण आपण पाहिलेलंसुद्धा नाही, हेही सांगितलं.

काकांनी रिकामा गडवा उचलून बाजूला ठेवला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही लेख वाचलाच नव्हता?"

चूर्णाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. फक्त एवढंच विचारलं. मृदुलाला तो प्रश्न चाबकासारखा लागला.

"नव्हता वाचला," ती म्हणाली. "आज वाचला. वाचला म्हणूनच धावत आले."

काकांनी मान हलवली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"बेटी, एक सांगू? जाहिरात करणं पाप नाही. गाडी फलाटाला लागली की चहावाला ओरडतो, 'चाय गरम!' सगळ्यांना ठाऊक असतं की तो चहा विकतोय. घ्यायचा तो घेतो, नाही तो नाही. त्यात फसवणूक कुठे आली? पण तोच चहावाला जर मुसाफिराचे कपडे घालून डब्यात येऊन बसला आणि शेजारच्याला म्हणाला, 'भैया, त्या ठेल्याचा चहा काय बढिया आहे, मी नेहमी पितो,' तर?"

"तर तो लबाड," मृदुला हळूच म्हणाली.

"बस. एवढाच फरक आहे. विकणाऱ्याने विकणारा म्हणून उभं राहावं. मुसाफिर बनू नये. चहा वाईट निघाला तर एक कप फुकट जाईल. पण मुसाफिराने मुसाफिरावरचा भरवसा सोडला, तर डब्यात कोण कुणाला जागा देईल?"

"आणि काका, मला कामाची गरज होती हो."

"असणारच. पण तुझी भाषा चांगली आहे. कुणाच्या तरी कामाची असेल. आपल्या नावाने दुकान मांड. नाव द्यायचंच आहे, तर आपल्या शब्दांना दे. दुसऱ्याच्या थापेला कशाला देतेस?" 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आले, हे त्यांनाही कळलं नाही. मग ते उठले. "चल, चहा घेऊ. बिनसाखरेचा चालेल ना?"

त्याच दुपारी मृदुलाने सुजितला फोन करून काम सोडलं.

"मॅडम, सब करते हैं," तो हसला. "तुम्ही नाही केलं तर दुसरं कुणी करेल."

"करू दे. माझ्या नावाने नाही होणार."

टाकलेल्या प्रतिक्रिया शोधून शोधून पुसायला तिला कितीतरी दुपारी लागल्या. जिथे पुसता येईना तिथे तिने खाली लिहिलं, 'ही जाहिरात होती, मी हे चूर्ण वापरलेलं नाही, कृपया गोळ्या बंद करू नका.' काम कंटाळवाणं होतं, पण एकेक ओळ पुसली जाई तसं तिला हलकं वाटे. तेव्हाच तिला आणखी एक गोष्ट वाचायला मिळाली. असल्या चिकटवलेल्या पत्त्यांना इंटरनेटवरची शोधयंत्रं आता हिंग लावून विचारत नाहीत, उलट सापडले तर वेबसाइटलाच मागे ढकलतात. म्हणजे लबाडी करून पदरात धोंडाच!

मग तिने आपल्या नावाचं एक साधं पान इंटरनेटवर उघडलं. आपण कोण, काय लिहू शकतो, काय लिहिणार नाही, हे स्पष्ट मांडलं. नमुन्याला दोन लेख ठेवले. महाराष्ट्रात माल विकू पाहणाऱ्या लहान कारखान्यांना एकेक पत्र लिहिलं. प्रत्येकाची वेबसाइट आधी नीट वाचून, कुठे काय सुधारता येईल ते सांगून. बरेच दिवस कुणी होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तिला वाटलं, झालं, पुन्हा आपण आणि चार भिंती.

आणि मग झाशीजवळच्या बिजौलीच्या औद्योगिक वसाहतीतून फोन आला. भूषण नावाचा तरुण तिथे घरगुती पिठाच्या चक्क्या बनवायचा. वडील रेल्वेतून निवृत्त होऊन इथेच स्थायिक झालेले. "आमचं मराठी घरापुरतं," तो म्हणाला. "वेबसाइट मराठीत करायची आहे. आणि हो, खाली ग्राहकांची मतंही लिहून द्या. नागपूरच्या ताई, सांगलीचे दादा, कोणीही चालतील. मस्त तारीफ पाहिजे."

मृदुलाने डोळे मिटले. इतक्या दिवसांनी आलेलं पहिलं काम!

"भूषणजी, वेबसाइट जीव ओतून लिहीन," ती म्हणाली. "पण खोटी माणसं नाही लिहिणार. तुमच्या खऱ्या ग्राहकांचे नंबर द्या. मी त्यांच्याशी बोलते. ते म्हणतील ते, त्यांना विचारून लिहीन."

"आणि कुणी तक्रार केली तर?"

"तीही लिहीन."

"अजब हो आप भी!" त्याने फोन ठेवला. मृदुलाने तोंडावर पाणी मारलं आणि कणीक मळायला घेतली. काम गेलं, असंच ती धरून चालली होती. नवल म्हणजे, पश्चात्ताप मात्र होत नव्हता.

दोन-चार दिवसांनी भूषणचाच फोन. आवाज ओशाळलेला.

"तुमचा राग आला होता. मग आठवलं, मागे मी लोकांची तारीफ वाचून चक्कीसाठी मोटरी मागवल्या होत्या. सगळ्या जळाल्या. तेव्हा ती तारीफ लिहिणाऱ्यांना मी काय काय शिव्या घातल्या, ते माझ्या कारागिरांना विचारा! उद्या त्याच शिव्या मला पडल्या असत्या. नंबर पाठवतो. जे खरं असेल ते लिहा."

मृदुलाने ग्राहकांना फोन लावले. बहुतेकांनी चक्कीचं कौतुक केलं. अकोल्याच्या एका बाईंनी मात्र सांगितलं, "डाळ जरा ओलसर राहिली की अडकते बाई." मृदुलाने पानावर ठळक लिहिलं: 'ओलसर धान्य या चक्कीत दळू नये, अडकते. ऊन दाखवून, कोरडं करून मगच घालावं.' भूषणने ते वाचून कपाळाला हात लावला, पण पुसलं नाही.

वेबसाइट सुरू झाली. पहिले काही दिवस शांततेत गेले. मग एका सकाळी भूषण जवळजवळ ओरडतच फोनवर आला. "मॅडम! साताऱ्याहून एका बाईंची ऑर्डर आली! त्या म्हणतात, 'बाकी सगळे आपली चक्की लोण्यासारखं मऊ दळते म्हणून सांगतात. काय होत नाही, ते तुम्ही एकट्यांनीच सांगितलंत, म्हणून तुम्हालाच फोन केला.' आता आमचं हिंदी पानही तुम्हीच लिहा. आणि खाली तुमचं नाव टाका, लोक विचारतात!"

मृदुलाने फोन ठेवला आणि एक लांब श्वास सोडला. कुणाची पावलं वाजली तर मोबाइलचा पडदा झाकायला नको, कुणी नाव विचारलं तर चाचरायला नको. आपल्या लिहिण्यावर विसंबून कुणी काही करील, याची आता तिला भीती वाटत नव्हती.

बंधुभगिनींनो, आपला माल जरूर विका. आपली वेबसाइट गावभर नव्हे, जगभर मिरवा. पण विकताना विकणारे म्हणूनच उभे राहा. जे वाचलं नाही त्याला 'छान' म्हणू नका, जे वापरलं नाही त्याला 'गुणकारी' म्हणू नका. आणि घरबसल्या लेखनाचं काम शोधणाऱ्या लेकीबाळींनो, काम देण्याआधी जो पैसे मागतो त्याच्यापासून जसं दूर राहता, तसंच जो तुमचं नाव मागतो पण तुमचं मत विचारत नाही, त्याच्यापासूनही दूर राहा. पडद्यावरच्या प्रत्येक ओळीपलीकडे एक जिताजागता माणूस बसलेला असतो, आणि तो तुमचं खरं मानून चालतो!