टेकडीवर चढवलेली नदी

पोरगं बत्तीस वर्साचं झालं तरी बिनलग्नाचं. शेती करणाऱ्याला पोरगी द्यायला आजकाल कुणी तयार न्हाई. माझ्या सोमेश्वरच्या किती सोयरिकी मोडल्या, ते मोजायचंच सोडलं मी. शेवटी परळीकडची ऋतुजा जमत आली. तिचा बाप राधाकिशन रविवारी घर बघायला येणार होता. अन् नेमके त्याच हप्त्यात तहसीलचे लोक उलथले गावात.

त्यांनी ड्रोन उडवला, सॅटेलाईटचे फोटो आणले, अन् केजच्या म्हाळू पेंटरकडून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अख्खं गाव रंगवून घेतलं. घराघरावर नाव. पूर आला तर पाणी कुठवर चढंल, तेवढी जागा निळी. त्या निळ्यात घर एकच, अन् त्यावर ठसठशीत लिव्हलेलं, बायडाबाई, म्हणजे मी. माझं डोस्कंच फिरलं. बुडत्या घरात कोण आपली लेक देईल?

सायब लोक तालुक्याला गेले, तशी मी म्हाळूला गाठलं. घरी बसवून कोंबडीचं कालवण वाढलं, अन् मग विषय काढला.

"एवढी नदी सरकव की बाबा."

"मावशी, नदी कशी सरकवू? सरकारी नकाशा हाय."

"रंग तर तुझाच हाय ना? पलीकडं टाक. बायनाबाईकडं."

बायनाबाई म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिचं घर पार टेकडीवर. ती गेलती माहेरी, लिंबागणेशला, म्हणून बरं.

"टेकडीवर पाणी चढतंय का कधी, मावशी?"

"भिंतीवर चढायला काय जातंय त्याचं?" मी म्हणले, अन् त्याच्या ताटात अजून एक तंगडी टाकली.

म्हाळूनं माझ्या दारातलं निळं पुसून पिवळं केलं अन् नदीला असा वळसा दिला की ती टेकडी चढून थेट बायनाबाईच्या उंबऱ्याला टेकली. सोमेश्वर बघून म्हणला, "आये, हे बरं न्हाई." मी म्हणले, "तू गप बस, तुझ्यासाठीच चाललंय."

रविवारी पाव्हण्यांची जीप आली ती पत्ता विचारायला ग्रामपंचायतीपाशीच थांबली. मी लगबगीनं सामोरी गेले. राधाकिशनराव भिंतीपुढं उभे, हलायलाच तयार न्हाईत. त्यांचं गाव टँकरवर जगणारं. आमच्या मुलखात निळं दिसलं की माणसाला पूर दिसत न्हाई, नशीब दिसतं. हे माझ्या ध्यानात यायला पायजे होतं, पण आलं न्हाई.

"एवढं पाणी कुणाच्या दारात?" त्यांनी विचारलं.

बायनाबाईचा पप्पू तिथंच तंबाखू मळत बसलेला. तोही बिनलग्नाचा. "आमच्या," म्हणला.

"अहो, ती नदी माझी हाय," मी म्हणले. "पावसाळ्यात माझ्या चुलीपर्यंत येते."

"बाई, भिंतीवर तर तुमच्या दारात थेंब दिसत न्हाई. सरकार कावून खोटं लिव्हंल? आमच्या पोरीनं लहानपणापासून डोक्यावर हंडा वाह्यलाय. आता तरी तिला दारात पाणी मिळू द्या."

म्हाळूनं केलं असं सांगावं, तर कालवणाचं सांगावं लागतंय. माझी तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी गत झाली. पाव्हण्यांनी माझ्याकडं फक्त च्या घेतला अन् टेकडी चढले. वर थेंबही दिसला न्हाई, तरी त्यांचा भरवसा सरकारच्या भिंतीवरच. उन्हाळ्यात पप्पूचं अन् ऋतुजाचं लग्न लागलं. जावेच्या पोराला अक्षता मीही टाकल्या.

भादव्यात पाऊस लागला तो थांबेचना. दुपारी सोमेश्वरच्या मोबाईलवर तहसीलचा मेसेज आला, पाणी चढतंय, लगेच उंचावर जा. हापिसातल्या नकाशात नदी माझ्याच दारात होती, तिथं कुणी कालवण पोचवलं नव्हतं. शेरडं सोडली, धान्याचं पोतं सोमेश्वरच्या पाठीवर दिलं, अन् निघालो. जायचं कुठं? उंचावर घर बायनाबाईचंच.

मागं वळून बघितलं तर पाणी माझ्या चुलीवरून चाललेलं.

बायनाबाईनं कोरडं लुगडं दिलं. ऋतुजानं गरम भाकर अन् ठेचा पुढं ठेवला.

"मोठ्या आत्याबाई," ती म्हणली, "तुमच्या दारातल्या हापशावरून हंडे चढवून चढवून माझी मान मोडली. पाणी तर सगळं तुमच्याकडं. मग भिंतीवर नदी आमच्या दारात आणली कुणी?"

"काय की बाई," मी म्हणले.

सोमेश्वर खाली मान घालून जेवत होता. "आयेनं," म्हणला.

बायनाबाई हसली. ऋतुजानं सोमेश्वरच्या ताटात आणखी एक भाकर वाढली, मला विचारलं न्हाई. अशी मऊ भाकर माझ्या घरात कधी झाली नव्हती. मला रडू फुटलं, अन् घर पाण्यात गेलं म्हणून रडतेय असं समजून ती पोरगी माझ्या पाठीवर हात फिरवत बसली.