सात दिवसांची अखंड नोंद

रेड्याने माझ्या मुलीचं डोकं पाण्याच्या पिंपात दाबलं, त्या दिवशी मी ते यंत्र बनवायचं ठरवलं. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली.

रेडा म्हणजे काच कारखान्यातल्या निवड विभागाचा मुकादम. त्याचं खरं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण घेत कुणीच नसे. भट्टीतून आलेल्या बाटल्या उजेडात धरून बघायच्या आणि तडा गेलेल्या बाजूला काढायच्या, हे तिथल्या एकेचाळीस बायकांचं काम. शेड भट्टीला चिकटूनच होती. बायका हवा खायला बाहेर पळतात म्हणून रेडा पाळी सुरू झाली की दाराला आतून कुलूप घालायचा आणि किल्ली कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा. तो स्वतः कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये पंख्याखाली बसायचा. कुणी चक्कर येऊन पडली, की केसांना धरून तिला पिंपापर्यंत फरफटत न्यायची आणि तोंड पाण्यात दाबायचं, ही त्याची औषधाची पद्धत. "बघा, आली शुद्धीवर. नखरे सगळे," म्हणायचा.

माझी मुलगी दोनदा पडली. दुसऱ्या वेळी पिंपाच्या काठावर आपटून तिचा पुढचा दात पडला. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिसऱ्यांदा अशी उष्णता लागली तर हिचं हृदय सोसणार नाही."

"सोड ती नोकरी," मी घरी येऊन म्हटलं.

"मी सोडते. उद्या माझ्या जागी दुसरी उभी राहील, तिचं डोकं तो पिंपात घालेल. मग तू तिच्या आईला काय सांगशील?"

लहानपणापासून अशीच. वाद घालायला बसली की वकील परवडला.

तक्रार झाली. कारखान्याने केबिनमधला तापमापक दाखवला. पंख्याखाली टांगलेला. आकडा अडतीस. तपासणी अधिकारी एक बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मला पंधरा दिवसांच्या आत सलग सात दिवसांची नोंद द्या, दर मिनिटाची. रोज निदान तासभर पंचेचाळीसच्या वर तापमान दिसलं, तर ही शेड बंद. पंखे आणि हवेला वाट केल्याशिवाय उघडणार नाही. पण एक जरी मिनिट गहाळ असलं, तर मी ती नोंद धरणार नाही." नोंद ठेवणारी म्हणून परवानगीच्या पत्रावर माझं नाव घातलं, कारण मी हवामान कार्यालयात तेहेतीस वर्षं काढली होती.

तिथे माझं काम कागद बदलण्याचं. पितळी रुळावर आखीव कागद गुंडाळायचा, लेखणीत जांभळ्या शाईचा थेंब सोडायचा, आणि आठवडाभर ती लेखणी आपली तापमानाची रेघ ओढत राहायची. सोमवारी सकाळी आठला जुना कागद काढून नवा लावायचा. मी तरुण असताना त्या रेघा बघून मला कोणता दिवस कसा गेला ते अंगावर आठवायचं. माझं लग्न झालं त्या आठवड्याचा कागद मी कपाटातून काढून पाहिला होता. दुपारी तीनला रेघ एकदम खाली आलेली, गारा पडल्या होत्या.

आता रूळ नव्हते. जावई कारखान्याच्याच दुरुस्ती खात्यात वीजकाम करायचे. त्यांनी तळहाताएवढा एक बोर्ड आणला, तापमान आणि दमटपणा मोजणारा सेन्सर, नखाएवढं मेमरी कार्ड आणि वेळ सांगणारी एक चिप. स्वयंपाकघराच्या ओट्यावर आमचा संसार मांडला.

"आई, हा बोर्ड म्हणजे तुमची लेखणी. आणि कार्ड म्हणजे कागद."

"आणि शाई कुठे भरायची, जावईबापू?"

"शाई मी. रोज आटतोय."

पहिल्या दिवशी घरातच आकडा चार अंश जास्त येऊ लागला. जावयांनी दोनदा प्रोग्रॅम तपासला. मी डबा उघडून बोट लावलं, तर बोर्डावरचा वीज कमी करणारा तुकडा चांगला तापलेला. सेन्सर त्याच्याच मांडीवर बसवला होता, मग तो दुसरं काय सांगणार? आमच्या कार्यालयात तापमापकासाठी झडपांचं पांढरं कपाट असे, वारा जाईल पण ऊन लागणार नाही असं. मी प्लास्टिकच्या सहा बशांना मधोमध भोकं पाडली, त्या फटी ठेवून एकावर एक रचल्या आणि सेन्सर वायरीने बाहेर काढून त्यांत टांगला. आकडा ताळ्यावर आला.

शेडमधल्या खांबावर, छातीच्या उंचीला, आम्ही ते बसवलं. बायकांनी मला लगेच नाव ठेवलं, हवामानबाई. रेडा केबिनमधून बघत होता. त्याने बाहेर येऊन डब्याला टिचकी मारली. "म्हातारे, हे तुला वैकुंठाचा रस्ता दाखवतं का?"

"तुझं अंग किती तापलंय ते दाखवतं," मी म्हटलं. बायका हसल्या. हसणाऱ्यांपैकी जी सगळ्यांत जवळ होती, तिच्या कानाखाली त्याने अशी वाजवली की तिच्या हातातली बाटली फुटून तळवा फाटला. ती त्याच हाताने पाळी संपेपर्यंत काम करत राहिली.

चार दिवसांनी मी कार्ड काढून घरी पाहिलं, तर त्यात फक्त अडीच तास होते. चार दिवसांतले अडीच तास! भट्टीचा मोठा झोतपंखा सुरू होताना विजेचा दाब क्षणभर पडायचा, आणि आमचा बोर्ड घाबरून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. तेही चाललं असतं, दोन सेकंदांची बाब होती. पण सुरू होताना तो जुनी फाइल पुसून नवी उघडत होता.

"असं कुणी लिहिलं?" मी ओरडले.

जावई मान खाली घालून म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना, सुरू होताना कागद नवा लावायचा."

खरंच मीच म्हटलं होतं. माझ्या हिशेबी नवा कागद लावला म्हणून जुना कुठे जात नाही. तो कपाटात असतो. कार्डात कपाट नव्हतं. तेहेतीस वर्षांची सवय माझ्या मुलीच्या मुळावर आली होती. हाताशी आता जेमतेम एक आठवडा उरला.

जावयांनी भिंतीची वीज तोडून टाकली आणि बॅटरीचा संच लावला. प्रोग्रॅममध्ये बदल केला: कितीही वेळा सुरू झालं तरी जुन्या फाइलच्या शेवटच्या ओळीखालीच लिहायचं. मी स्वतः दहा वेळा वायर काढून, लावून पाहिली. एकही मिनिट गेलं नाही. सकाळी दहाला आम्ही सुरुवात केली.

सहा दिवस नीट गेले. रोज दुपारी आकडा अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. सातव्या सकाळी नऊला मी जावयांबरोबर आत गेले. दहाला सात दिवस भरणार होते.

नऊ वाजून दहा मिनिटांनी रेड्याने दाराला कुलूप घातलं आणि केबिनमधून लोखंडी पाइप घेऊन आला. त्याला वरून कुणी सांगितलं होतं की त्याचं त्यालाच सुचलं, कोण जाणे. जावई खांबासमोर आडवे उभे राहिले. "साहेब, एक तास राहिलाय," एवढंच म्हणाले.

पहिला तडाखा त्यांच्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला सहा पावलांवर ऐकू आला. ते पडले नाहीत, त्यांनी दोन्ही हातांनी डबा कवटाळला. दुसरा तडाखा डब्यासाठी होता. मध्ये त्यांची बोटं होती. तिसऱ्याला डबा खांबावरून निखळला आणि त्याच्यासकट जावई जमिनीवर आले, बेशुद्ध. तोंडातून रक्त आणि दातांचे तुकडे.

डब्यावरचा लाल दिवा विझला होता. बॅटरीची वायर तुटून लोंबत होती.

मी त्यांच्या नाडीला हात लावायला हवा होता. मी डबा ओढला. एका मिनिटाच्या आत जोडायचं, एवढंच डोक्यात. वायर दाताने सोलली आणि टोकावर दाबली. दिवा लागला. मग वरून काचा पडायला लागल्या तशी मी डबा आणि सेन्सर छातीखाली घेऊन पालथी झाले, बोटांनी वायर दाबून धरली, आणि मान वळवून समोर बघत राहिले.

काचा कुठून येत होत्या? बायका बाटल्या फेकत होत्या. एकेचाळीस बायका. कानाखाली खाल्लेली सगळ्यांत पुढे होती. रेडा पाइप फिरवत मागे सरकत होता. एकीचा खांदा फुटला, दुसरी पोटात लागून कोलमडली. मग कुणीतरी मागून त्याच्या पायांत खोकं सरकवलं. तो पडला. त्यानंतर मला काही वेळ फक्त पाठी दिसल्या आणि हात वरखाली होताना दिसले. तो किंचाळत होता. मग आई, आई म्हणत होता. त्याला फरफटत पिंपापर्यंत नेलं. दोन वेळा बुडवून काढलं. तो खोकत, गुडघ्यांवर, हात जोडून बसला होता तेव्हा गर्दी थोडी मागे हटली. दमल्या होत्या सगळ्या. संपलं होतं खरं तर.

तेव्हा माझी मुलगी पुढे आली. तिच्या हातात त्याचाच पाइप होता. कानशिलावर एक, आणि तो आडवा झाल्यावर त्याच जागी दुसरा.

दहा वाजेपर्यंत मी हललेच नाही. बाहेरून पोलीस दार ठोकत होते आणि किल्ली मेलेल्यासारख्या पडलेल्या माणसाच्या पट्ट्याला होती.

रेडा चौथ्या दिवशी दवाखान्यात मेला. बायकांनी एकच जबाब दिला: आम्ही खोक्यांमागे लपलो होतो, काही पाहिलं नाही. मीही सांगितलं, सुरुवातीलाच डोक्यात बाटली लागून मी बेशुद्ध पडले. जावयांच्या जबड्याला तारा बांधलेल्या, आणि त्यांनी पाहिलंही काही नव्हतं.

दहा दिवसांनी कारखान्याच्या कचेरीत सुनावणी झाली. तपासणी अधिकारीबाई, कारखान्याचे वकील, भिंतीशी पोलीस निरीक्षक. आम्ही बायका मागे उभ्या. बाईंनी नोंदीची रेघ कागदावर छापून आणली होती. एकही मिनिट गहाळ नव्हतं. मला रडू आलं, इतकी सुंदर रेघ होती ती.

वकिलांनी शेवटच्या टोकावर पेन्सिल ठेवली. "नऊ वाजून बारा मिनिटांनी तापमान सत्तेचाळीसवरून अडतीसवर आलं आणि दहापर्यंत तिथेच राहिलं. दमटपणा दुप्पट. म्हणजे यंत्र शेडमध्ये नव्हतंच. ते दुसरीकडे होतं, आणि मग सातही दिवस ते कुठे होतं याचा भरवसा काय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "याचं उत्तर द्यावं लागेल. नाहीतर मला नोंद रद्द करावी लागेल."

उत्तर साधं होतं. शेड सत्तेचाळीसवर, आणि माणसाचं घामेजलेलं अंग अडतीसवर. सेन्सर माझ्या छातीखाली होता. पण बेशुद्ध बाई पन्नास मिनिटं वायर दाबून धरत नाही. निरीक्षक भिंतीपासून पुढे सरकले होते. ज्याने वायर धरली त्याने सगळं पाहिलं, हे त्यांनाही कळत होतं.

"मला काही आठवत नाही," मी म्हटलं.

"आजी, नीट विचार करा."

"नाही आठवत. करा रद्द."

जावयांची बोटं, एकेचाळीस जणी, सात दिवस, सगळं मी चार शब्दांत सोडून दिलं होतं, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. पोरगी वाचली, बस.

"ती खोटं बोलते आहे," माझी मुलगी म्हणाली. ती टेबलापर्यंत चालत आली. "सेन्सर आईच्या अंगाखाली होता. ती शुद्धीत होती. त्याला मी मारलं, आणि ते तिने पाहिलं. आता ती रेघ धरा."

"गप्प बस!" मी तिच्या तोंडावर हात मारला. दात नव्हता त्या जागी ओठ फाटला. तिने रक्त पुसलं आणि बाईंना पुन्हा तेच, शब्दन् शब्द सांगितलं.

बाईंनी शिक्का मारला. शेड त्याच दुपारी बंद झाली.

तिला चार वर्षांची शिक्षा झाली. पहिल्या भेटीला मी गेले तेव्हा आमच्यामध्ये जाळी होती आणि बसायला लोखंडी स्टूल. तिने आधी नवऱ्याच्या हाताचं विचारलं. दोन बोटं वळत नाहीत, मी सांगितलं. मग पंखे बसले का ते विचारलं. बसले, म्हटलं. दारही उघडं असतं.

ती जाळीच्या तारेवर नख घासू लागली.

"पहिल्या फटक्यालाच तो पडला होता, आई."

"माहीत आहे."

"दुसऱ्याची गरज नव्हती."

"माहीत आहे मला."

"तू चार पावलांवर होतीस. मला थांबवलं का नाहीस?"

"हातात वायर होती गं. हात मोकळे नव्हते."

"तोंड तर मोकळं होतं ना?" ती म्हणाली.

भेटीची वेळ अजून दहा मिनिटं बाकी होती.