न चुरचुरणारं मलम

आईचे हात बरे झाले आणि तिथूनच ठिणगीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

दुसरी कुणी असती तर घरभर नाचली असती. मलम तिनं स्वतः बनवलेलं. आणि आईचे हात म्हणजे काय हात होते! दिवसभर लॉन्ड्रीत साबणाच्या पाण्यात राहून पेरापेराला भेगा. भाजी चिरताना लिंबाचा थेंब लागला तरी आई डोळे गच्च मिटून घ्यायची. तेच हात आता मऊसूत झाले होते. आख्ख्या बिल्डिंगमध्ये बोभाटा झाला की हिच्या पोरीच्या हाताला गुण आहे.

पण ठिणगी स्वतःला चांगली ओळखून होती. हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. शाळेत बाईंशी वाजलं आणि तिनं शाळेला रामराम ठोकला. मग पार्लरमध्ये लागली, तर तिथल्या मालकिणीला गिऱ्हाइकासमोर म्हणाली, "तुमचीच एक भुवई वर गेलीये." झालं, पिशवी उचलून घरी. आपण हात लावू तिथं माती होते, हे तिनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. मग हे मलमच पहिल्या फटक्यात कसं काय जमलं?

बनवलं होतं ते मोबाईलवर बघून. एक फुलाफुलांची टोपी घातलेली बाई असायची व्हिडिओत, गोडगोड बोलणारी. झेंडूच्या पाकळ्या सावलीत वाळवा, तेलात घाला, बरणी खिडकीत ऊन खात ठेवा, रोज हलवा, मग गाळा, मधमाशीचं मेण वितळवून त्यात घाला. एवढं सगळं ठिणगीनं केलं, आणि न कंटाळता केलं. शेवटी वासासाठी पुदिन्याचा अर्क. टोपीवाली म्हणाली, अगदी थोडेच थेंब. आता थोडं म्हणून काही ठिणगीच्या स्वभावातच नाही. तिनं बाटली उपडी धरली. टोपीवाली असंही म्हणाली होती की आधी कोपराच्या आतल्या बाजूला टिकली एवढं लावून एक दिवस थांबा. तेवढा व्हिडिओ ठिणगीनं पळवला. थांबणं कुणाला जमतंय?

तिची नडगी खरचटली होती, तिथं तिनं लावून बघितलं. अशी आग झाली की डोळ्यांतून घळाघळा पाणी. चुरचुरतंय म्हणजे काम करतंय, असं म्हणून तिनं दातांत ओढणी धरली. नडगी मात्र अजून तशीच लालभडक होती.

आणि नेमकं हेच तिला खटकत होतं.

"आई, ते लावल्यावर चुरचुरतं का गं?"

"छे! गारगार वाटतं एकदम."

"भेगांमध्ये पण?"

"भेगा राहिल्यात कुठं?" आईनं हात पुढं करून फिरवून दाखवले, बांगड्या भरून आल्यासारखे.

ठिणगीनं पटकन एक हात धरला आणि नाकाशी नेला.

"कुत्र्यासारखी हुंगतेस काय?"

"पुदिन्याचा वास का येत नाही?"

"लॉन्ड्रीच्या साबणापुढं कुठला वास टिकतोय?"

उत्तर फार म्हणजे फारच तयार होतं. आई साधं मीठ कुठं ठेवलंय विचारलं तरी क्षणभर थांबते. आणि आज लॉन्ड्रीला सुट्टी होती.

मग ठिणगीनं बरणी उजेडात धरून बघितली. मलम कमी होत होतं, हे खरं. पण माणूस मलम बोटानं घेतो, तर मधे बोटाचा खड्डा पडायला पाहिजे. इथं काठाकाठानं सरळ कापल्यासारखी कड होती. म्हणजे चमचा. मलम चमच्यानं कोण लावतं? शिवाय ते केशरी मलम ठिणगीच्या नखांत अडकून बसलं होतं, घासून घासून जात नव्हतं. आईची नखं पांढरीस्वच्छ.

तरी ती गप्प बसली. कारण डोक्यातला दुसरा आवाज म्हणत होता, अगं येडे, एक गोष्ट धड झालीये आयुष्यात, ती पण उकरून काढणार का?

त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या टेलरकाकू वर आल्या. गळ्यात टेप, खांद्यावर नातू. बाळाचे दोन्ही गाल सोललेल्या टोमॅटोसारखे लाल झालेले.

"ते जादूचं मलम दे गं याच्यासाठी. पोर झोपत नाही, मला मशिनवर बसू देत नाही."

ठिणगीची मान ताठ झाली. पण तोंड उघडलं आईनं.

"त्याला नको. लहान आहे."

"तुझे हात बरे झाले ना त्यानं?" काकू म्हणाल्या.

"झाले, पण..."

"पण काय?" हे ठिणगी.

"पण काही नाही. अजून थोडे दिवस जाऊ देत."

काकू हिरमुसून खाली गेल्या. ठिणगीनं दार धाडकन लोटलं. अच्छा! म्हणजे बिल्डिंगभर कौतुक करायचं आणि खरी द्यायची वेळ आली की मागं खेचायचं. हिला वाटतंय तरी काय? पोरगी मोठी झाली तर डोईजड होईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पिशवी घेऊन भाजीला गेली आणि ठिणगीनं बरणी उचलली ती थेट काकूंच्या दारात.

"घ्या. आईला सांगू नका."

काकूंनी बरणी छातीशी धरली. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा. उठला की चोपडते."

वर येऊन बघते तर मोरी तुंबलेली. पाणी घोट्यापर्यंत आणि खाली जायचं नावच नाही. ठिणगीला उलट आनंदच झाला, कारण टोपीवालीकडे याच्यावरही इलाज होता. खायचा सोडा घाला, वर व्हिनेगर ओता, बाजारातल्या विषारी पावडरी नकोत. ठिणगीनं दोन्ही ओतलं. काय फेस आला! फसफस, फसफस, बघत राहावं असा. मग फेस बसला आणि पाणी होतं तिथंच राहिलं.

शेवटी तिनं मामाला फोन केला. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, नळदुरुस्तीचं काम करायचा आणि दोन गल्ल्या सोडून राहायचा. आला तो हसतच.

"मोरीला सोडा पाजलास? आता ढेकर देईल ती."

"मामा, काम कर."

त्यानं जाळी काढली, लवचिक तार आत सारली, फिरवली, ओढली, शिवी दिली, परत फिरवली. मग काहीतरी सुटल्यासारखा गुडगुड आवाज झाला. तारेच्या टोकाला मुठीएवढा गोळा लटकत होता. केशरी, चिकट, केसांनी गुंडाळलेला.

"मेणबत्ती गिळली की काय हिनं?" मामानं तो उजेडात धरला.

ठिणगीला बघायची गरजच नव्हती. सगळ्या मोरीत पुदिना दरवळत होता.

"आई हात धुते तिथं. म्हणून साचलं असेल," ती म्हणाली.

"हात धुवून एवढं? खुळी का काय? हे गरम पाण्यात वितळवून ओतलंय कुणीतरी. आत गेलं, गार झालं, बसलं धरून."

दारात चपला वाजल्या. आई पिशवी घेऊन उभी होती. तिनं गोळा बघितला, मग ठिणगीकडे बघितलं.

"चमच्यानं काढून टाकत होतीस ना?" ठिणगी म्हणाली. "रोज?"

"ऐकून तर घे..."

"हात कशानं बरे झाले?"

आईनं पिशवी खाली ठेवली. फळीवरच्या चहाच्या डब्यामागं हात घातला आणि एक चेपलेली ट्यूब काढली. डॉक्टरकडची.

"पहिल्या दिवशी लावलं होतं गं तुझं. खोटं नाही सांगत. हातांची नुसती आग आग झाली, बादलीत बुडवून बसले. मग लॉन्ड्रीशेजारच्या दवाखान्यात गेले."

"मग सांगायचं ना तोंडानं! मला काय येडी समजलीस?"

"पार्लर सोडलंस तेव्हा भिंतीकडं तोंड करून पडून राहिली होतीस. जेव म्हटलं तरी अंगावर यायचीस. आणि या पाकळ्या उलटायला माझ्याआधी उठत होतीस. मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"आणि बिल्डिंगला कुठल्या तोंडानं सांगितलंस?"

"मी एकीलाच सांगितलं होतं. बाकीच्यांना तिनं."

मामा खाली बघून हसायला लागला, मग ठिणगीचा चेहरा बघून तार गुंडाळायला लागला. तो चेहरा रागाचा राहिलाच नव्हता.

"आई," ती म्हणाली, "बरणी काकूंकडे आहे. सकाळीच दिली."

आईनं चपला काढलेल्याच नव्हत्या. दोघी जिन्यावरून अशा उतरल्या की मामा वरून ओरडला, "पडाल!"

काकूंच्या खोलीत बाळ नुकतंच उठलं होतं. कापडाच्या ढिगावर बसून किरकिरत होतं. काकूंच्या मांडीत बरणी उघडी आणि बोटावर केशरी गोळा.

"काकू, थांबा! लावू नका!"

काकूंचं बोट हवेतच राहिलं. "का?"

"परत द्या ती. चांगलं नाहीये."

काकूंचे डोळे बारीक झाले. त्यांनी बरणी हळूच दुसऱ्या मांडीकडे सरकवली. "सकाळी आईच्या चोरून देतेस, आता परत मागतेस. कुणी बडं गिऱ्हाईक गाठलंस वाटतं?"

"नाही हो! त्याचा काही उपयोग नाही, आग होते त्यानं."

"आम्हाला द्यायची वेळ आली की आग होते! तुझी आई स्वतः म्हणाली, जादू आहे म्हणून. का गं? म्हणालीस ना?"

काकूंनी आईकडे बघितलं. बाळानं बरणीकडे हात केला. आई उभी होती, एक हात दुसऱ्या हातानं झाकून, जणू ते मऊ हातच कुणी बघू नयेत. ठिणगीला वाटलं, ही आता पण काहीतरी गोड सांगेल, मला वाचवायला. आणि तसं केलं तर मी हिच्याशी जन्मात बोलणार नाही.

आईनं मुठीतली ट्यूब काकूंच्या मशिनवर ठेवली.

"माझे हात यानं बरे झाले. पोरीचं मलम मी मोरीत ओतत होते. खोटं बोलले मी तुमच्याशी."

काकूंनी ट्यूब बघितली, आईला बघितलं, ठिणगीला बघितलं. कुणावरच विश्वास बसेना. मग त्यांनी बोटावरचं मलम दुसऱ्या हाताच्या बोटाला फासलं, जिथं सुई टोचून टोचून चाळण झाली होती.

"आई गं!" त्यांनी बोट झटकलं, फुंकलं, पदरानं खसाखसा पुसलं. मग बाळाला उचलून बरणीपासून लांब नेलं. "हे लावणार होते मी याच्या गालाला? मायलेकी दोघी एक नंबरच्या भामट्या आहात! न्या ते. आणि तो दवाखाना कुठं आहे ते नीट सांगा."

आई नीट सांगत बसली. ठिणगी बरणी घेऊन वर आली. या वेळी भिंतीकडं तोंड करून पडली मात्र नाही. कात्री घेऊन व्हिडिओ पहिल्यापासून बघत बसली, पळवलेला भाग सुद्धा, आणि टोपीवालीला मनातल्या मनात शिव्या देत कुंडीतल्या झेंडूची फुलं कापत राहिली.

नव्या मलमात पुदिना नव्हता. आधी ते ठिणगीच्या कोपरावर टिकलीएवढं बसलं, आणि तिनं एक आख्खा दिवस कळ काढली. त्यातला निम्मा वेळ कोपर बघण्यात गेला. काही झालं नाही. मग आईनं बाही वर केली.

"मला लाव."

"माझ्यासमोर बसायचं. उठायचं नाही, मोरीकडं तर जायचंच नाही."

"अजून विश्वास नाही?"

"नाही."

ठिणगीनं लावलं आणि समोर मांडी घालून बसली, पोलिसासारखी. आई इकडंतिकडं बघत होती. बराच वेळ गेला.

"चुरचुरतंय?"

"नाही गं, छान..." आई बोलता बोलता थांबली. ठिणगीचे डोळे तिच्या तोंडावर रोखलेले होते. "खाज येतेय जराशी."

ठिणगीनं ओलं फडकं आणून आईचं कोपर पुसून काढलं. मग खुशीत, गुणगुणत, बरणी परत खिडकीत नेऊन ठेवली.