ठिपक्यांमागचा शब्द

तिसऱ्यांदा लाल ओळ उमटली, तशी शिवांजलीनं कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

"आज्जी, आता दोनच डाव राहिले. पाच वेळा चुकलं की कुलूप पडतंय."

शांतादेवींनी पदर सावरला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. साडेतीन. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची पसंती बदलायची मुदत पाचला संपणार होती. त्यांच्या मुलानं, रुद्रेशनं, पोरीला अंबाजोगाईचं कॉलेज पहिलं लिहायला लावलं होतं. जवळ पडतं, संध्याकाळी घरात येते. पोरीला हवं होतं औरंगाबाद. "मी बघते," असं शांतादेवी म्हणाल्या होत्या, आणि त्या असं म्हणाल्या की धारूरच्या त्या घरात पुढं कुणी बोलत नसे.

पण पासवर्ड त्यांच्याजवळ होता, म्हणजे असायला हवा होता. महिन्यापूर्वी पोर तापानं फणफणली, तेव्हा कागदांची पिशवी घेऊन त्या एकट्याच अल्ताफच्या ह्याच नेट कॅफेत आल्या होत्या. "कुणाला ठाऊक नसलेला शब्द सांगा," असं अल्ताफ म्हणाला, तो त्यांनी वाकून त्याच्या कानात सांगितला. त्यानं चिठ्ठीवर लिहून दिला, तर त्यांनी ती चिठ्ठी परत त्याच्याच खिशात कोंबली. गल्लीतल्या पन्नास वर्षांच्या बाळंतपणांच्या तिथी जिला तोंडपाठ, तिला चिठ्ठी देतोस?

आता देवाचं नाव टाकून झालं होतं, माहेरच्या गावाचं झालं होतं. नवऱ्याचं नाव त्या घेत नसत, म्हणून 'तुझ्या आज्ज्याचं टाक' एवढंच म्हणाल्या होत्या. तेही चुकलं.

"मी सांगते ते बरोबरच हाय," त्या म्हणाल्या. "मशीनच बहिरी हाय."

अल्ताफ गल्ल्यावरून उठून आला. "अम्मा, मीच टाकला होता तो शब्द, पर दिवसाला चाळीस पोरांचे फॉर्म भरतो. ध्यानात कुठं ऱ्हातंय? मदतीचा नंबर बी सकाळपासून लागंना." मग तो जरा थांबला. "त्या दिवशी कोन्त्या मशीनवर बसलो होतो आपन?"

"उगवतीकडच्या. मीच बसवलं तुला तिथं. चांगल्या कामाला दक्षिणेकडं तोंड करून बसत होतास."

उगवतीकडच्या मशीनवर पंचायत समितीतून निवृत्त झालेले सुंदरराव पत्ते खेळत होते.

"सुंदरराव, उठा."

"बाई, माझा अर्धा तास अजून..."

"सून दुपारचं घरात बसू देत न्हाई म्हनून येता इथं, म्हाईत हाय मला. गल्लीला सांगत न्हाई तवर उठा."

सुंदरराव उठले. चष्माही तिथंच विसरले.

"ही मशीन दर वेळी इचारती, ध्यानात ठेवू का म्हनून," अल्ताफ खुर्चीवर बसत म्हणाला. "मी सवयीनं हो दाबलं असंल, तर शब्द आत पडून असंल." त्यानं एकातून एक दोन-तीन चौकटी उघडल्या. शेवटी लांबलचक यादी आली. मधल्या एका ओळीत शिवांजलीचा अर्ज क्रमांक, आणि त्यापुढं नुसते काळे ठिपके. अल्ताफनं बाकीच्या ओळींवर वही आडवी धरली.

"झाकतोस कावून?"

"गावाचे शब्द हायेत, अम्मा. आपन आपल्यापुरतं बघायचं."

पोरगा वळणाचा आहे, हे शांतादेवींनी मनात धरलं. तोंडानं सांगायची काही गरज नव्हती.

त्यानं बटण दाबलं. ठिपके गेले आणि इंग्रजी अक्षरं आली. शांतादेवींना ती वाचता येत नव्हती. तरी त्यांनी डोळे बारीक करून ओळ नीट पाहिली.

"हां. ह्योच."

शिवांजलीनं ओठ हलवत वाचलं, पुन्हा वाचलं, आणि आजीकडं वळली.

"आज्जी, नीलगंगा कोन?"

शांतादेवींचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला आणि तिथंच राहिला. माहेरी, धर्मापुरीच्या लग्नमांडवात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, त्याला बावन्न वर्षं झाली होती. पेढे वाटले, तांदूळ पोत्यात परत गेले. पुढं माहेरीही त्यांना सगळे 'धारूरची' म्हणू लागले. भाऊ होते तेही गेले. कुणाला ठाऊक नसलेला शब्द म्हटल्यावर तोच तोंडात आला होता. आज देव, गाव, नवरा सगळे आठवून झाले, पण त्या स्वतःपर्यंत पोचल्याच नव्हत्या.

"टाक," त्या म्हणाल्या.

पोरीनं टाकलं. पान उघडलं. औरंगाबाद खालून वर सरकलं, अंबाजोगाई खाली गेलं. शेवटी पक्कं करायला मशीननं तोच शब्द पुन्हा मागितला.

"मोठ्यानं म्हन की," शांतादेवी म्हणाल्या. "मला ऐकू दे."

"नी-ल-गं-गा," शिवांजली एकेक अक्षर दाबत म्हणाली. हिरवी ओळ उमटली. सव्वाचार वाजले होते.

दारातल्या पिवळ्या फोनवर शांतादेवींनी पोरीला रुद्रेशच्या दुकानाचा नंबर फिरवायला लावला आणि स्वतः नाणं टाकलं.

"कोन बोलतंय?" रुद्रेशनं विचारलं.

"नीलगंगा."

पलीकडं तराजूची पारडी वाजली. "कोन नीलगंगा?"

"तुझी माय. पोरीचं औरंगाबाद पहिल्या नंबरला लावलंय. काय बोलायचं असंल ते आत्ताच बोल, नानं एकच हाय."

रुद्रेशनं पारडी खाली ठेवल्याचा आवाज आला. नाणं संपेपर्यंत त्या फोन कानाला लावून ताठ उभ्या राहिल्या.