पाण्याखालचा बांध

महादूनाना पाण्यात उतरले की आवाज होत नसे. आम्ही पोरं तळ्यात उडी मारायचो ती साऱ्या आळीला कळवून. नाना मात्र काठाच्या शेवाळलेल्या पायरीवरून असे उतरत, की आश्विनातल्या त्या निवळलेल्या पाण्याला आपल्यात कोणी आलं आहे हे नाना छातीभर पाण्यात पोचल्यावरच समजत असावं. डोक्यावर वेताची टोपली, टोपलीत नव्या भाताच्या पिवळ्या लोंब्या, आणि चेहऱ्यावर बँकेच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाची निवांत उदासीनता. उतरत्या उन्हात एक उंच, काळा माणूस तळ्याच्या मधोमध चालतो आहे आणि बुडत नाही, माझ्या मनातला दसरा एवढाच आहे. सोनं वाटणं वगैरे त्याच्यानंतरचं.

आमचं गाव पनवेलच्या इतकं जवळ की ते आता गाव राहिलेलं नाही, आणि इतकं हट्टी की पुरतं शहरही झालेलं नाही. पूर्वी म्हणे इथे दोन तळी होती, मध्ये दगडी बांध होता. कुठल्यातरी जुन्या पावसाळ्यात दोन्ही पाणी एक झाली आणि बांध खाली गेला तो गेलाच. पण तो होता. जेमतेम दोन हात रुंद, एका काठाच्या पिंपळापासून पलीकडच्या गावदेवीपर्यंत सरळ गेलेला, डोळ्यांना न दिसणारा आणि पायांना लगेच सापडणारा. दसऱ्याला पहिल्या लोंब्या देवीला न्यायच्या त्या या बांधावरून. तळ्याला वळसा घालून डांबरी रस्ता झाला, त्यावरून रिक्षा देवळाच्या दारात जाऊ लागली, तरी लोंब्या पाण्यातूनच गेल्या. नेम एकच होता: टोपलीला पाणी लागता कामा नये, म्हणून दोन्ही हात टोपलीलाच.

हा मान नानांच्या घराकडे होता. तरुणपणी ते मिठागरावर होते. मिठागर बंद पडलं, मग भाताची जमीन गेली, आणि त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या फाटकाशी नाना खाकी सदरा घालून राखणीला बसू लागले. आपल्याच शेताला पहारा करणारा माणूस कडवट व्हायला हवा. नाना उलट गमतीशीर झाले. "पयले पाखरं हाकलायचो, आता सेल्समन हाकलतो," असं म्हणून ते स्वतःच गालातल्या गालात हसत. मी मास्तरांची मुलगी आणि पुढे स्वतः शिक्षिका, म्हणून मला ते सगळ्यांदेखत 'इन्स्पेक्टर' म्हणत. त्यांच्या बोलण्यात वर्षं नसायचीच. सगळं दसऱ्याला बांधावर किती पाणी होतं त्यावरून ठरलेलं: पाणी गळ्याला लागलं होतं त्या साली बहीण विधवा होऊन परत आली, पाणी कमरेला होतं त्या साली भाचा शाळेत गेला. माझ्या वहीतल्या तारखांपेक्षा मला हा हिशेब नेहमी खरा वाटत आला.

बहीण म्हणजे हिराबाई. नानांच्या शेजारच्याच खोलीत राहायची. दोघांची ओटी एकच, संसार एकच म्हणावा असा. नानांना मूल नव्हतं, हिराबाईला एकटा गजानन. अठ्ठावीस वर्षांचा, कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकांच्या नोंदी ठेवणारा, मामासारखाच उंच आणि मामापेक्षा लाजाळू. नव्या वस्तीची गटारं तळ्यात सुटली तेव्हापासून त्याच्या पिढीतलं कोणी पोहायला शिकलंच नाही. त्या हिरव्या, दाट पाण्यात आम्ही आमच्या मुलांना पाय बुडवू देत नव्हतो, आणि तेच पाणी निवळावं म्हणून दर वर्षी नवस मात्र बोलत होतो.

मग कचेरीत अर्ज झाला. तो माझ्या हातचा आहे. गावाने सांगितलं, मी लिहिलं, आणि शिक्षिकेच्या सवयीने वाक्य नीट बांधलं: 'तळ्यातील संपूर्ण गाळ काढून मिळावा.' त्या 'संपूर्ण' शब्दावर मी तेव्हा खूश होते. वैशाखात पाणी आटवलं, गटारं वळवली, यंत्रं उतरली, आणि गाळाबरोबर बांधही निघाला. काही चोरून झालं नाही. साऱ्या गावाने पिंपळाखाली बसून ते पाहिलं. नाना तर रोज सकाळी जाऊन बसत. ढिगातले दोन चांगले चपटे दगड त्यांनी धुणं धुवायला म्हणून मागून घेतले आणि यंत्रावरच्या माणसाला घरून ताक नेऊन दिलं. बांध गेला हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं मी आज म्हणूच शकत नाही. ठाऊक होतं. डोळ्यांना ठाऊक होतं. पण त्या बांधाशी डोळ्यांचा कधी संबंध आलाच नव्हता. तो आमच्या पायांत होता, आणि पायांना कोणी कळवलं नाही.

पाऊस झाला, तळं भरलं, आणि कित्येक वर्षांनी त्यात आभाळ दिसलं. आम्ही हरखून गेलो. दसऱ्याला सगळा गाव काठावर आला, पनवेलला राहायला गेलेलेही आले. नानांचा गुडघा त्या साली सुजला होता. त्यांनी मुंडाशातली टाचणी काढून गजाननचा सदरा खांद्याशी नीट केला, टोपली त्याच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "खाली बांद हाय. पायांना वाट ठावं असते. तू निस्ता चाल." हिराबाई हसत होती. मीही होते तिथे. चाळीस-पन्नास शहाणी माणसं होती, आणि त्यांतल्या एकालाही वैशाख आठवला नाही.

काठाजवळचे दगड यंत्राने सोडले होते, म्हणून सात-आठ पावलं तो चालला. नंतर तो खाली गेला, सरळ, दोन्ही हात टोपलीला धरून. हात सोडले असते तर कदाचित वाचला असता. पण त्याला नेम सांगितलेला होता आणि तो नेम पाळणारा होता. टोपली तेवढी वर राहिली, थोडी गिरकी घेत, लोंब्यांसकट.

नानांनी गुडघ्यासकट उडी टाकली. बाकीचे पोहणारे पुरुषही उतरले. वर येऊन नाना ओरडत होते, "बांदाच्या डाव्या अंगाला बगा, डाव्या अंगाला," आणि सगळे पुन्हा पुन्हा तिथेच बुड्या मारत होते. ते ज्या बांधाची डावी बाजू शोधत होते तो बांध तिथे नव्हता. इतकं झाल्यावरही तो नाही हे कोणाला उमगलं नाही, आणि मी काठावरून पाहत असताना मलाही ते सुचलं नाही. अग्निशमन दलाची माणसं आली. त्यांच्यापैकी कोणी या गावचं नव्हतं. त्यांनी गळ टाकला तो यंत्राने खणलेल्या खोल खड्ड्यात, आणि गजानन थोड्या वेळात सापडला.

त्यानंतर नाना पाण्याकडे पाठ करून बसू लागले. कोणी त्यांना दोष दिला नाही. यंत्रांना दिला, कचेऱ्यांना दिला, काहींनी माझ्या अर्जालाही दिला, आणि तो मी घेतला. हिराबाईने मात्र कोणालाच दिला नाही. दोन्ही वेळा ती भावापुढे ताट ठेवते, गुडघ्याला तेल लावते, ऊन चढलं की त्यांना आत घेते. परवा मी गेले तर नाना हळूच म्हणाले, "इन्स्पेक्टर, तू शिकलेली हायस. तिला सांग, येक डाव माला शिव्या दे. जेवन नको देऊ, शिव्या दे. माला हे ताट गिळवत नाय." ते गमतीत बोलत नव्हते.

मी मागच्या दाराने गेले. हिराबाई तांदूळ निवडत होती. मी चाचरत सांगितलं, तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, सुपातला एक खडा काढून टाकला आणि म्हणाली, "येक गेला, बाय. आता दुसऱ्याला पन घालवू काय?"

हे उत्तर नानांना नेऊन देण्याचं धैर्य मला झालं नाही. संध्याकाळी दोघं ओटीवर येऊन बसतात, नाना एका टोकाला, हिराबाई दुसऱ्या टोकाला. मध्ये एका माणसापुरती जागा मोकळी असते. काळ पुढे जाईल, तळ्यावर आणखी पावसाळे येतील. पण ती जागा भरून काढायला थोडं सरकून बसणं या भावाबहिणीतल्या कोणालाही आता या जन्मी जमायचं नाही.